घोडा की साप, हे आधी बोटांवर मोजा

वाचकाचं पत्र (थोडक्यात) :

ताई, मी मूळची रत्नागिरीची. सात वर्षांपासून सिंगापूरला आहे. शेजारच्या चिनी आंटी रोज सकाळी दारामागच्या कॅलेंडरचं एक पान फाडतात आणि आज काय करावं, काय टाळावं ते वाचून दाखवतात. त्यांच्यामुळे मला चिनी ज्योतिषाची गोडी लागली. आता ते मनापासून शिकावंसं वाटतंय, पण सुरुवातीलाच अडकले आहे. माझा जन्म ३० जानेवारी १९९०, दुपारी ३ वाजून २० मिनिटांचा, रत्नागिरीचा. एका ॲपवर मी घोडा, दुसऱ्यावर साप. जन्मतासाचा प्राणी एकीकडे माकड, दुसरीकडे बकरी. इथल्या एका 'मास्टर'नी पत्रिका पाहून सांगितलं की तुझ्यात 'सात मारेकरी' आहेत, आमच्याकडचं कडं घातलं नाहीस तर यंदा नोकरी जाईल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'आपलं एवढं असताना परक्याचं कशाला?' त्यात वहिनीला ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे. 'आगीच्या घोड्याचं' वर्ष मुलींना वाईट असं वाचलं आणि तेव्हापासून झोप नाही. तिला सांगू का? आणि या विषयाचा स्वतःचा, रोजचा अभ्यास कसा उभा करू? – स., सिंगापूर

प्रिय स.,

तुमचा वहिनींबद्दलचा प्रश्न आधी घेते. बाकीचं थांबू शकतं, हे नाही. वहिनींना काहीही सांगू नका. आज नाही, बारशाला नाही, आणि मुलगी झाली तर तिच्या लग्नाच्या वेळीही नाही.

२०२६ हे बिंग-वू वर्ष आहे, वर अग्नी आणि खाली घोडा, हे खरं. ते साठ वर्षांतून एकदा येतं, हेही खरं. पण या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते, ही समजूत मुख्यतः जपानची. मागचं असं वर्ष होतं १९६६. त्या एका वर्षात जपानमध्ये सुमारे १३ लाख ६० हजार मुलं जन्मली. आदल्या वर्षी १८ लाख २० हजारांवर जन्मली होती, पुढच्या वर्षी १९ लाखांवर. मधल्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक पाळणे हललेच नाहीत. तिथे ना दुष्काळ पडला होता, ना युद्ध चालू होतं. नुसत्या दोन अक्षरांना लोक घाबरले. आपल्याकडे मंगळाच्या मुलीचं, मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचं काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. मी माझ्या घरात पाहिलंय. तेव्हा माझी पहिली आणि एकच अट समजा: या अभ्यासातून कुठल्याही बाळाच्या आधी त्याची भीती घरात येता कामा नये. ही अट मान्य असेल तर पुढचं सगळं आनंदाने सांगते.

आता आई. त्यांना सांगा, हे वाटतं तितकं परकं नाही. आठव्या शतकात तांग राजांच्या चांगआन राजधानीत गौतम सिद्ध नावाचे भारतीय वंशाचे ज्योतिर्विद राजाच्या वेधशाळेचे प्रमुख होते. इसवी सन ७१८ मध्ये राजाच्या हुकमावरून त्यांनी भारतीय नवग्रहांचं गणित चिनी भाषेत उतरवलं. त्याच शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्यांनी आपली नक्षत्रं आणि वार चिनी वाचकांपुढे ठेवले. आपल्याला साठ संवत्सरांचं चक्र ठाऊक आहे. गुढीपाडव्याला पंचांग उघडून संवत्सरफल वाचतो तेच. त्यांचंही चक्र साठाचं. त्यांचं चालू चक्र १९८४ ला सुरू झालं, आपलं प्रभव संवत्सर १९८७ च्या पाडव्याला. मात्र आईंना हेही सांगा की तुम्ही जे शिकू पाहताय त्यात ग्रह नाहीतच. शनी नाही, राहू नाही, मंगळ नाही. ही आकाशाची पत्रिका नसून कालगणनेची आहे. त्यामुळे घरच्या पत्रिकेशी तिची स्पर्धा नाही, आणि दोन्हींची खिचडीही करू नका.

तुम्ही ज्याला नुसतं 'चिनी ज्योतिष' म्हणता त्यात बऱ्याच पद्धती आहेत. चौदा मुख्य ताऱ्यांची आणि बारा घरांची झीवेई दोउशू ही एक मोठी पद्धत, ती चांद्र तिथीवर चालते. तुमच्या दोन्ही ॲपवर आहे ती बाझी, म्हणजे 'आठ अक्षरं': वर्ष, महिना, दिवस, तास असे चार खांब आणि प्रत्येक खांबात दोन अक्षरं. एकच धरा, आणि माझं ऐकाल तर बाझी धरा. कारण ती कागद-पेन्सिलीवर मांडता येते, आणि जे हाताने मांडता येतं तेच आपलं होतं.

मला जे मुख्य सांगायचंय ते हेच: भविष्यापासून सुरुवात करू नका, काळ मोजण्यापासून करा. घोडा की साप हा तुमचा प्रश्न भविष्याचा नाहीच, मोजण्याचा आहे. म्हणून तर तो तुम्हाला पहिल्याच दिवशी पडला याचा मला आनंद झाला.

दोन्ही ॲप आपापल्या जागी बरोबर आहेत. १९९० चं चिनी नववर्ष २७ जानेवारीला होतं. आपला माघ ज्या अमावास्येनंतर लागला, त्याच अमावास्येने त्यांचा पहिला महिना आणला. तुम्ही त्यानंतर जन्मलात, म्हणून सणाच्या, जत्रेच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हिशेबाने तुम्ही घोडा. पण बाझीचं वर्ष चंद्रावर चालत नाही, सूर्यावर चालतं. सायन (म्हणजे ताऱ्यांच्या नव्हे, ऋतूंच्या हिशेबाने मोजलेला) सूर्य ३१५ अंशांवर आला की लीचुन, म्हणजे वसंताचा आरंभ, साधारण ४ फेब्रुवारीला. बहुतेक परंपरा बाझीचं वर्ष तिथे बदलतात. तुम्ही त्याच्या पाच दिवस आधीच्या, म्हणून साप. तुमच्या वर्षाची अक्षरं जी-सी: वर माती, खाली साप.

सूर्याचे असे चोवीस टप्पे आहेत, पंधरा-पंधरा अंशांचे. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यातले बारा टप्पे बाझीचे महिने बदलतात. आपल्या पंचांगाची सवय असलेला माणूस इथे हमखास अडखळतो. आपली मकर संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाची, १४ जानेवारीची. त्यांचे टप्पे सायन. आपण पुस्तकात 'उत्तरायणाचा खरा आरंभ २२ डिसेंबरच्या सुमारास' असं वाचतो, तो त्यांचा दोंगझी, हिवाळ्याचा मध्य. हे एकदा डोक्यात बसलं की ॲपची गरज निम्मी संपते. तारखा हव्यात तर हाँगकाँग वेधशाळेचे १९०१ ते २१०० चे चांद्र-सौर तक्ते फुकट मिळतात.

तासाचं थोडं सावकाश समजून घ्या. त्यांचा एक तास आपल्या दोन तासांचा. दुपारी १ ते ३ बकरीचा, ३ ते ५ माकडाचा. घड्याळात ३:२० म्हणून एक ॲप माकड म्हणतं. पण भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि रत्नागिरी ७३.३ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे रत्नागिरीचा सूर्य घड्याळाच्या जवळपास ३७ मिनिटं मागे. त्यात जानेवारीअखेर सूर्य सरासरीपेक्षा आणखी तेरा मिनिटं मागे असतो. म्हणजे तुमचा जन्म सूर्याच्या हिशेबाने अडीच वाजता, बकरीच्या तासात. आईंच्या आठवणीत वीस मिनिटांची चूक असली तरी बकरीच राहते. हे पटत नसेल तर तुमच्या सिंगापूरलाच पाहा. बेट १०४ अंशांच्या जवळ, घड्याळ मात्र १२० अंशांचं. म्हणून तिथे वर्षाचा बराच काळ सूर्य डोक्यावर यायला घड्याळात एक वाजून जातो. एखाद्या रविवारी खाली अंगणात एक काठी उभी करा आणि बारापासून दीडपर्यंत सावली पाहत बसा. सगळ्यांत आखूड सावलीची वेळ लिहून ठेवा. तुमच्या अभ्यासाचा पहिला धडा तो असू दे.

काही गुरू घड्याळाचीच वेळ धरतात. दिवस रात्री अकराला बदलतो की बाराला, यावरही मतं आहेत. याने गोंधळू नका. रत्नागिरीत टिळक पंचांग पाळणारी घरं एखाद्या वर्षी महिनाभर आधी गणपती बसवतात, तरी त्यांचा गणपती खोटा ठरत नाही. एक रीत धरायची आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची. मध्येच, सोयीचं वाटलं म्हणून, बदलायची नाही.

आता हात पुढे करा. डावा.

मी हे ताइपेईत शिकले. नवऱ्याची नोकरी तिथे होती तेव्हा एक निवृत्त शाळामास्तर मला शिकवायचे. पहिले चार महिने त्यांनी मला एकाही पत्रिकेचा अर्थ सांगितला नाही, नुसतं बोटांवर मोजायला लावलं. बारा फांद्या, म्हणजे ते बारा प्राणी, बोटांच्या पेरांवर बसवलेले असतात. अनामिकेच्या मुळाशी उंदीर, मधल्या बोटाच्या मुळाशी बैल, तर्जनीच्या मुळाशी वाघ. मग तर्जनीवरून वर चढायचं: ससा, ड्रॅगन, टोकाला साप. मधल्या बोटाच्या टोकाला घोडा, अनामिकेच्या टोकाला बकरी, करंगळीच्या टोकाला माकड. करंगळीवरून खाली कोंबडा, कुत्रा, आणि मुळाशी डुक्कर. अंगठा त्यावरून फिरत राहतो. माझी आजी पेरांवर जप मोजायची. तिचा अंगठा जसा न बघता फिरायचा, तसा त्या मास्तरांचा फिरायचा. आपल्या हाताला ही सवय आधीच आहे, म्हणून मराठी माणसाला हे पटकन येतं असं मला मनापासून वाटतं. समोरासमोरची दोन पेरं एकमेकांना भिडतात: उंदीर-घोडा, बैल-बकरी. पुढे 'टक्कर' हा शब्द पुस्तकात येईल तेव्हा तुमच्या हाताला तो आधीच कळलेला असेल.

प्रत्येक खांबातल्या जोडीत वरचं अक्षर म्हणजे खोड, खालचं म्हणजे फांदी. बारा फांद्या आणि दहा खोडं, मिळून बावीस अक्षरं. एवढीच लिहायला शिका, आंटींकडून. चिनी भाषा येत नाही म्हणून अडू नका. आपली बाराखडी याहून लांब आहे.

मग एक वही. साठ दिवसांचा नेम धरा, कारण दिवसांचंही चक्र साठाचंच आहे. सकाळी डाव्या पानावर दिवसाची जोडी, सूर्याचा कुठला टप्पा चालू आहे, हवा कशी आहे, आणि आजच्या दिवसाबद्दल तुमचा एक अंदाज, एका वाक्यात. रात्री उजव्या पानावर दिवसभरात काय झालं ते तीन ओळींत. उजवं पान लिहून होईपर्यंत डावं झाकून ठेवायचं. हे झाकणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर सकाळी 'वाद होईल' असं लिहिलेलं असतं आणि रात्री ऑफिसातली साधी चर्चासुद्धा वाद म्हणून वहीत जाते. साठ दिवस झाले की मोजा, आणि चुकलेले अंदाज आधी मोजा. मी माझ्या पहिल्या वहीत चुकलेल्यांवर लाल ठिपके दिले होते. पानं गोवर आल्यासारखी दिसत होती. ती वही मी जपून ठेवलीय.

दिवसाची जोडी ॲपवरून उतरवू नका. एक पक्का खुंटा देते: १ जानेवारी २००० हा वू-वू दिवस होता, साठातला ५५ वा. (दोन्ही 'वू' वेगळे, पहिला मातीचा, दुसरा घोड्याचा.) तुमचा जन्म त्याच्या ३,६२३ दिवस आधी. त्यातून साठ-साठ काढत जा, २३ उरतात. ५५ मधून २३ गेले, ३२. साठाच्या यादीत ३२ वी जोडी यी-वेई. झाला तुमचा दिवस.

तर तुमची आठ अक्षरं अशी: वर्ष जी-सी, महिना दिंग-चौ, दिवस यी-वेई, तास ग्वेई-वेई. तांग काळातल्या ली शूझोंग यांच्या पद्धतीत भर वर्षावर होता. पुढे सोंग काळात शू झीपिंग यांच्या नावाने जी पद्धत रूढ झाली तिने दिवसाचं खोड हे 'स्वतः' मानलं, आणि आजही तेच चालतं. तुमचं खोड यी, म्हणजे लाकडातलं मऊ लाकूड: वेल, गवत, रोपटं.

इथे सांभाळा. खोडांमागे उभी असलेली पाच तत्त्वं म्हणजे आपली पंचमहाभूतं नव्हेत. यात वायू नाही, आकाश नाही. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आणि ही द्रव्यं नाहीत, चाली आहेत. या पाचांसाठीच्या चिनी शब्दातच चालण्याचा अर्थ आहे. लाकूड वर वाढतं, अग्नी पसरतो, माती धरून ठेवते, धातू आकसतो, पाणी खाली उतरतं. एक दुसऱ्याला जन्म देतं, एक तिसऱ्याला आवरतं. 'माझ्यात पाणी कमी आहे म्हणून निळा ड्रेस घालते' असं ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी समजा की चाल सुटली आणि वस्तू हातात आली.

तुमची वेल बैलाच्या महिन्यातली. उत्तर चीनमध्ये त्या दिवसांत जमीन ओली आणि गोठलेली असते. म्हणून जुने लोक आधी ऊब शोधतात. ती तुमच्या महिन्यावरच आहे: दिंग, दिव्याची ज्योत. फांद्यांच्या पोटातही खोडं लपलेली मानतात, आणि सापाच्या पोटातही अग्नी आहे. माती भरपूर, चार ठिकाणी. वेल मुळांनी माती धरते. आपण ज्याला धरून आवरतो त्याला बाझीत 'धन' म्हणतात, म्हणजे पैसा आणि हाताशी असलेलं काम. आणि तासावर ग्वेई, पावसाची भुरभुर, वेलीला पोसणारी.

आता तास माकडाचा धरून पाहा. ग्वेई जातं आणि तिथे येतं जिआ, उंच झाड. झाडाला बिलगलेली वेल हे जुन्या जाणकारांचं आवडतं चित्र आहे. अशा वेलीला वसंतही चालतो आणि शरदही, असं ते म्हणतात. बघा, पन्नास मिनिटांच्या फरकाने गोष्ट केवढी बदलली. एकीकडे भुरभुरीवर जगणारी वेल, दुसरीकडे भक्कम आधार मिळालेली. मला खात्री आहे, हे वाचता वाचता तुम्ही मनात एक निवडलीसुद्धा. तसं करू नका. गणिताने बकरी येते, बकरीच लिहा, आणि माकडाची पत्रिका शेजारच्या पानावर वर्षभर राहू द्या. जी आवडते तीच खरी मानण्याची सवय लागली की पुढे दुसऱ्यांच्या पत्रिकेतही माणूस तेच करतो.

आणि एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. जानेवारीअखेर रत्नागिरीत जमीन गोठत नाही. हापूस मोहोरावर असतो. तुमच्या आईंनी तुम्हाला मोहोराच्या वासात जन्म दिलाय आणि पुस्तक म्हणतं बर्फ. सिंगापूरला तर ऋतूच नाहीत. परंपरा म्हणते, ऋतू सूर्याच्या अंशांवरून घ्या, अंगणातल्या हवेवरून नाही. शिकत असेपर्यंत मी तिचं मानते, कारण नियम अर्धा मोडला की हातात काहीच राहत नाही. पण डाव्या पानावर हवा लिहायला सांगितलीय ती याचसाठी. तुमच्या जागेचं हवामान आणि त्यांचा टप्पा शेजारी शेजारी लिहीत गेलात तर दोनेक वर्षांनी या विषयावर तुमचं स्वतःचं मत तयार होईल, आणि ते मला वाचायला आवडेल.

'सात मारेकरी' हे नाव ऐकून तुम्ही घाबरलात, साहजिक आहे. पण मोजा. स्वतःच्या खोडापासून सुरू करून सातवं खोड: यी, बिंग, दिंग, वू, जी, गेंग, शिन. सातवं शिन, लाकूड कापणारा धातू. म्हणून 'सात', आणि कापतं म्हणून 'मारेकरी'. दहा खोडांच्या जगात प्रत्येकाला सातवं खोड असतंच, त्या मास्टरनाही आहे. तुमच्या पत्रिकेत ते बैलाच्या पोटात लपलेलं आहे, आणि सप्टेंबर २०२१ च्या आसपास सुरू झालेल्या तुमच्या दहा वर्षांच्या खांबावर, शिन-सी वर, ते उघड आलंय. (बाझीत आयुष्याच्या दर दहा वर्षांनाही एक खांब असतो. पहिला कधी लागतो ते असं मोजतात: जन्मापासून पुढच्या लीचुनपर्यंतचे दिवस, तीन दिवसांचं एक वर्ष. तुमचे साडेचारहून थोडे जास्त, म्हणून दीड वर्षाच्या वयाला पहिला खांब.) जुने लोक त्याचा अर्थ लावतात तो दडपण, शिस्त, वरिष्ठांचा धाक, अंगावर पडलेली जबाबदारी असा. परदेशात नोकरी करणाऱ्या पस्तिशीच्या बाईला यातलं काय नवीन आहे? नोकरी राहील की जाईल हे आठ अक्षरांवरून कळत नाही. ते तुमच्या कामावरून, कंपनीच्या हिशेबावरून आणि करारावरून कळतं. कडं घेऊ नका. पत्रिका पाहून जो वस्तू विकायला काढतो, त्याच्यासमोरून नमस्कार करून उठायचं.

भीतीदायक नावांचं मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. शिकायला लागून दोन वर्षं झाली असतील. एका मैत्रिणीच्या घरी तिच्या मुलीची पत्रिका मांडली आणि त्यात 'अधिकाऱ्याला जखम करणारा' तारा (नावालाच तारा, खरं तर तेही एक खोडच) जोरात दिसला. जुन्या नियमात बाईच्या पत्रिकेतला 'अधिकारी' म्हणजे नवरा. मी पुस्तकातलं वाक्य तसंच्या तसं बोलून गेले. मुलगी एकोणीस वर्षांची, आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं. पुढे प्रत्येक स्थळाच्या वेळी ते वाक्य तिच्या मनात उभं राहायचं, हे मला फार उशिरा कळलं. तिची माफी मागितली मी, पण कानात गेलेलं परत काढता येत नाही. तोच तारा मुलाच्या पत्रिकेत असला की लोक हुशारी म्हणतात, वाक्चातुर्य म्हणतात. बाईच्या पत्रिकेतही तेच वाचायचं. ग्रंथ जुने आहेत, आणि त्यांनी बायकांवर अन्याय केलाय. आपण शिकताना तो पुढे चालवायचा नाही.

चीनमध्येही याला प्रश्न विचारणारे होते, आणि मी त्यांना या अभ्यासाचे गुरूच मानते. पहिल्या शतकातल्या वांग चोंग यांनी विचारलं: उंदीर पाण्याचा, घोडा अग्नीचा, आणि पाणी अग्नीला जिंकतं म्हणता, मग उंदीर घोड्याच्या मागे का लागत नाही? सातव्या शतकात ल्यू त्साय या दरबारी पंडितांनी चांगपिंगच्या लढाईकडे बोट दाखवलं. इसवी सनापूर्वी २६० मध्ये तिथे शरण आलेल्या सैनिकांची कत्तल झाली. जुना इतिहास त्या युद्धातल्या बळींचा आकडा चार लाखांवर सांगतो. त्या सगळ्यांच्या पत्रिकेत एकच कुयोग होता का, असा त्यांचा सवाल. आपल्याला हे समजायला चीनला जायला नको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडलेल्यांच्या पत्रिका काय सारख्या होत्या? वहीच्या शेवटच्या पानावर हे दोन प्रश्न लिहून ठेवा आणि दर साठ दिवसांनी वाचा. मी आजही वाचते. माझं या विषयावरचं प्रेम त्याने कमी झालं नाही. तो मला दिवसाकडे नीट बघायला शिकवतो, ऋतूचं भान देतो, स्वतःच्या स्वभावावर बोलायला शब्द देतो. पण औषध डॉक्टरांना विचारून घेते आणि घर वकिलाला विचारून.

दुसऱ्यांच्या पत्रिका निदान दोन वर्षं नकोत. त्यानंतरही मागितल्याशिवाय नाही. लहान मुलांच्या कधीच नाही. मरण, आजार, मूल होणं, संसार मोडणं यावर एक शब्दही नाही, समोरच्याने कितीही आग्रह केला तरी. पैसे घेऊ नका. आंटींचं रोजचं पान मात्र जरूर ऐका. तो त्यांचा जिव्हाळा आहे. फक्त त्यावर 'केस कापू नये' असेल आणि तुमची पार्लरची वेळ ठरलेली असेल, तर खुशाल जा.

२० एप्रिल २०२६ ला जिआझी दिवस आहे, साठातला पहिला. वही त्या दिवशी सुरू करा. आदल्या रात्री १ जानेवारी २००० पासून स्वतः मोजून काढा, आणि सकाळी आंटींनी पान फाडलं की त्यावरची दिवसाची दोन अक्षरं तुमच्या अक्षरांशी जुळतात का ते पाहा. जुळली नाहीत तर माझ्याकडे लगेच बेरीज पाठवा, कुठे चुकलं ते मिळून शोधू.